खेळला, एवढंच

काही ग्रंथ वाचायचे असतात, काही चाळायचे. 'बेसबॉल एन्सायक्लोपीडिया' हा दुसऱ्या जातीचा. १९६९ साली तो पहिल्यांदा निघाला तेव्हाच दोन हजारांवर पानांचा होता. मांडीवर घेऊन बसलं तर पायाला मुंग्या याव्यात. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जो कुणी एकदा जरी मैदानात उतरला, त्याची त्यात नोंद आहे. नाव, गाव, जन्म, मृत्यू, कुठल्या हाताने फेकायचा, कुठल्या बाजूने मारायचा, आणि पुढे आकडेच आकडे. बेब रूथसारखी माणसं त्यात ऐसपैस पसरलेली असतात, वर्षाखाली वर्ष, ओळीखाली ओळ. आणि अशा दोन थोरांच्या मधल्या सांदीत अंग चोरून उभी असतात ती एका ओळीची माणसं.

मला या एका ओळीच्या माणसांचा नाद आहे. बेब रूथने ७१४ होमरन मारले. थोर माणूस. त्याला नमस्कार करावा आणि पान उलटावं. पण 'सामने १' आणि त्यापुढे नुसती शून्यं, अशी ओळ दिसली की बोट अडतं. फलंदाजीची संधी शून्य, धावा शून्य, झेल शून्य. मग हा गृहस्थ तिथे करत काय होता? आणि त्याहून मोठं नवल म्हणजे, काहीच केलं नाही हे इतक्या काळजीने लिहून कुणी ठेवलं?

आपल्याकडे माणूस पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करतो, आणि त्याच्या सेवापुस्तकात शेवटी वेतनवाढी, अर्जित रजा आणि एखादी ताकीद एवढंच उरतं. त्याने काम काय केलं याला रकानाच नाही. बेसबॉलवाल्यांचं उलटं आहे. त्यांच्याकडे रकाने इतके, की काही न करणाऱ्यालाही सगळे भरून द्यावे लागतात.

या हिशेबीपणाचे मासलेही पाहण्यासारखे आहेत. १९१२ सालच्या सेंट लुई ब्राउन्स संघाच्या नोंदींत लू प्रॉक्टर नावाचा एक खेळाडू कित्येक वर्षं सुखाने नांदत होता. सामना एक. बेसबॉलच्या गोतावळ्यात असं सांगत, की हा खेळाडू नव्हताच. सामन्याचा तपशील तारेने पाठवणारा एक तारमास्तर होता आणि त्याने गंमत म्हणून स्वतःचं नाव मधे घुसवून दिलं. पुढे १९८०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं उकरणाऱ्या संशोधकांनी ठरवलं, की त्या जागी खेळला तो पीट कॉम्प्टन, आणि प्रॉक्टरला ग्रंथातून काढून टाकलं. संशोधकांनी चोख काम केलं यात वाद नाही. मला आपली त्या तारमास्तराची हळहळ वाटते. न खेळता मेजर लीगमध्ये सत्तरएक वर्षं टिकणं सोपं नव्हे, मग तो असो की नसो.

डब्ल्यू. पी. किन्सेला या कॅनेडियन लेखकाचं बोट याच ग्रंथात एका ओळीवर अडलं. नाव होतं आर्चिबाल्ड राइट ग्रॅहम, टोपणनाव 'मूनलाइट'. सामना एक, बाकी शून्यं. किन्सेलाने त्या माणसाचा माग काढला, त्याच्या गावी जाऊन आला, आणि १९८२ साली निघालेल्या 'शूलेस जो' या कादंबरीत त्याला जसाच्या तसा, खऱ्या नावानिशी बसवला. १९८९ साली त्यावर 'फील्ड ऑफ ड्रीम्स' हा चित्रपट निघाला. त्यात म्हातारा ग्रॅहम झाला बर्ट लँकेस्टर. जो माणूस एका दुपारी ब्रुकलिनमध्ये कुणाच्या लक्षातही आला नव्हता, तो मेल्यावर चोवीस वर्षांनी अमेरिकेतल्या थिएटरांत बायाबापड्यांना रडवू लागला.

ती दुपार होती २९ जून १९०५ची. मैदान ब्रुकलिनचं वॉशिंग्टन पार्क. न्यूयॉर्क जायंट्सचा संघ तिथे खेळायला गेला होता आणि यजमानांना धुऊन काढत होता. सामना सरला तेव्हा धावा ११ विरुद्ध १ होत्या. जायंट्सचा मॅनेजर होता जॉन मॅग्रॉ. लोक त्याला 'छोटा नेपोलियन' म्हणत आणि तो तसा वागतही असे. ग्रॅहम मे महिन्यात संघात दाखल झाला होता आणि तेव्हापासून बाकावर बसून होता. आठव्या डावात, सामना खिशात आल्यावर, मॅग्रॉने राइट फील्डच्या जॉर्ज ब्राउनला विश्रांती दिली आणि ग्रॅहमला सांगितलं, जा.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नऊ डावांचा हा खेळ. प्रत्येक डावात आधी पाहुणे मारतात, मग यजमान. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. मारायला यायचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि तो मोडता येत नाही. एकजण मारत असतो तेव्हा त्याच्या पुढचा बॅट घेऊन बाजूला उभा असतो, हात मोकळे करत. ग्रॅहम आठव्या डावाच्या उत्तरार्धात दूर उजव्या अंगाच्या गवतात जाऊन उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला नाही. नवव्या डावात जायंट्स मारायला आले. ग्रॅहमचा नंबर लागत आला. तो बॅट घेऊन उभा राहिला आणि त्याच्या आधीचा गडी झेल देऊन बसला. तिसरा बाद. ग्रॅहम बॅट ठेवून परत गवतात गेला. ब्रुकलिनचा शेवटचा डाव झाला. त्याही वेळी चेंडू दुसरीकडेच फिरत राहिला. सामना संपला, कारकीर्दही संपली.

चित्रपटात हे सगळं आणखी कातरून अर्ध्या डावावर आणलंय. सामना १९२२चा, तोही हंगामातला अगदी शेवटचा. ग्रॅहमचा मृत्यू १९६५चा १९७२वर नेलाय. हे सोडून देऊ. सिनेमावाल्यांना कॅलेंडरचं काही सोयरसुतक नसतंच. पण एक बदल मला जरा खुपतो. पडद्यावरचा ग्रॅहम त्या एका सामन्यानंतर खेळ सोडून देतो, कारण परत धाकट्या लीगमध्ये जाऊन वणवण करायची कल्पनाच त्याला सोसवत नाही. खरा ग्रॅहम मुकाट्याने धाकट्या लीगमध्ये गेला. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या संघात तो १९०८ पर्यंत खेळला, आणि १९०६ साली आपल्या लीगच्या फलंदाजांत पहिला आला. म्हणजे हृदयभंग झालेला हा माणूस पुढे तीन उन्हाळे व्यवस्थित धावत, मारत, झेल घेत होता, आणि तिकडे चेंडूही त्याच्याकडे येत होते. पण हे दाखवलं असतं तर प्रेक्षकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला असता. हुकलेल्या संधीचं दुःख पडद्यावर शोभतं. स्क्रँटनमधली चांगली सरासरी कुणाला शोभत नाही.

त्याचा बेत तसा पहिल्यापासून पक्का होता. १९०५ सालीच मेरीलँड विद्यापीठाची वैद्यकीची पदवी त्याने घेतली होती. अर्धं आयुष्य रोगी तपासायचे आहेत हे ठाऊक असलेला माणूस मॅग्रॉच्या बाकावर बसला होता, हे ध्यानात घेतलं की त्या दुपारच्या शून्यांचा रंग जरा बदलतो. १९०९ साली तो मिनेसोटाच्या उत्तरेला चिझम नावाच्या गावी गेला. हा मेसाबी रेंजचा मुलूख, लोखंडाच्या खाणींचा. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, फिनलंड, इटली, कुठून कुठून आलेले लोक तिथे जमीन खोदत होते. गाव १९०८च्या सप्टेंबरात वणव्यात जळून गेलं होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. अशा गावात डॉक्टर आला की तो कुठल्या शिक्षणसंस्थेतून आला, कुणाकडून खेळला, याची चौकशी कुणी करत नाही. येतो आहे ना, मग या, बसा, याची जीभ बघा.

ग्रॅहम तिथे जो बसला तो मरेपर्यंत. चाळीसहून अधिक वर्षं तो गावातल्या शाळांचा डॉक्टर होता. पोरांचे डोळे तपासायचे, ज्यांना चष्म्याचे पैसे परवडत नाहीत त्यांना चष्मे मिळवून द्यायचे, असं त्याचं चालू असे. आणि एक गोष्ट तर मला त्या सामन्याहून फार मोठी वाटते. त्याने वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांचे रक्तदाब मोजून टिपून ठेवले. त्या काळी मुलांचा रक्तदाब मोजण्याच्या फंदात कोण पडत होतं! त्यातून मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांबरोबर पाच ते सोळा वर्षांच्या मुलांच्या रक्तदाबावर त्याचा निबंध १९४५ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्वतःच्या नावापुढे छापलेल्या शून्यांची भरपाई म्हणून त्याने आकडे गोळा केले, असं एखादा लेखक लिहील. मी लिहिणार नाही. पोरं समोर होती, यंत्र हाताशी होतं, माणूस चिकाटीचा होता. कारण एवढं पुरे.

तो गेल्यावर चिझमच्या वर्तमानपत्राच्या संपादिकेने त्याच्यावर लेख लिहिला. बाईंचं नाव वेदा पोनिकवार. हे नाव आपल्या कानाला शेजारच्या वाड्यातलं वाटतं, पण बाई स्लोव्हेनियन वंशाच्या. चित्रपटातही त्या आहेत. गावाने पुढे त्याच्या नावाने शिष्यवृत्ती काढली. दरवर्षी चिझमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एका मुलाला आणि एका मुलीला ती मिळते. म्हणजे ज्या आजोबांचा रक्तदाब त्याने मोजला, त्यांच्या नातवंडांची फीही तोच भरतो आहे.

आता एक नातं सांगतो, जे त्या जाड ग्रंथात नाही आणि चित्रपटातही नाही. आणि ते ऐकून आपल्यापैकी वयस्कर मंडळींचे कान टवकारतील. या मूनलाइट ग्रॅहमला एक धाकटा भाऊ होता, फ्रँक पोर्टर ग्रॅहम. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अध्यक्ष, मग काही काळ सिनेटर, सज्जन आणि उदारमतवादी म्हणून नावाजलेला. १९५० साली निवडणूक हरला, आणि १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला भारत आणि पाकिस्तान यांच्यासाठी आपला प्रतिनिधी नेमलं. होय, तेच ते ग्रॅहम. काश्मीर प्रश्नाच्या जुन्या बातम्यांत ज्यांचे अहवाल येत, ते डॉक्टर ग्रॅहम.

त्यांच्या आधी सर ओवेन डिक्सन हे ऑस्ट्रेलियन न्यायाधीश येऊन हात टेकून गेले होते. फ्रँक ग्रॅहम चिकाटीने कामाला लागले. दोन्ही बाजूंनी सैन्य किती कमी करायचं, कुणी आधी करायचं, उरलेलं किती ठेवायचं, याच्या वाटाघाटी दिल्ली, कराची, न्यूयॉर्क, जिनिव्हा अशा चालल्या. १९५१ ते १९५३ या काळात त्यांनी सुरक्षा परिषदेला पाच अहवाल दिले. मग १९५८ साली आणखी एक दिला. त्यानंतरही पद त्यांच्याकडेच राहिलं, थेट १९६७ पर्यंत.

हे दोन भाऊ शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मला हसू आवरत नाही. थोरल्याला दोन डाव मिळाले आणि त्याच्याकडे एकही चेंडू आला नाही. धाकट्याला सोळा वर्षं मिळाली, चेंडू तर रोज अंगावर येत होते, आणि तरी एक धाव निघाली नाही. पण थोरल्याच्या अपयशावर सिनेमा निघाला, धाकट्याच्या अपयशावर अहवाल. घरात जेवणाच्या टेबलावर या दोघांत कुणाची कारकीर्द जास्त वाया गेली यावर कधी बोलणं झालं असेल का, कोण जाणे. झालं असेल तर डॉक्टर जिंकले असणार. मोजलेला रक्तदाब निदान मोजलेला राहतो.

पण छोट्या कारकीर्दींचा हा सगळा व्यवहार शून्यांवरच चालतो असं नाही. उलट्या टोकाचं उदाहरण जॉन पचोरेकचं. २९ सप्टेंबर १९६३, हंगामाचा शेवटचा दिवस, ह्यूस्टनचा संघ न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. शेवटच्या दिवशी हरलं काय नि जिंकलं काय, पोरांना उतरवा, असं ठरलं आणि अठरा वर्षांचा पचोरेक उतरला. पाच वेळा मारायला आला. तीनदा चेंडू फटकावून बेसवर पोहोचला, दोनदा पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकून त्याला फुकट जाऊ दिलं; हे फुकटचं जाणं संधीत धरत नाहीत. चार धावा केल्या, तिघांना घरी आणलं. सरासरी १.०००, पैकीच्या पैकी. मग पाठीने दगा दिला, मणक्याची शस्त्रक्रिया झाली, पुढे काही वर्षं तो धाकट्या लीगमध्ये धडपडला, पण मेजर लीगमध्ये परत आला नाही. कॅलिफोर्नियात शाळेत व्यायामशिक्षक झाला.

तीन संधी मिळून तिन्हींत यश, आणि नंतर एकही संधी नाही: इतकी कोरी, डाग नसलेली कारकीर्द बेसबॉलमध्ये दुसऱ्या कुणाची नाही. त्याचा धाकटा भाऊ टॉम मेजर लीगमध्ये १८ हंगाम खेळला. अठरा हंगाम म्हणजे हजारो वेळा मारायला येणं, आणि हजारो वेळा मारायला येणं म्हणजे बहुतेक वेळा बाद होऊन बाकाकडे परत येणं. बेसबॉलमध्ये दहांतल्या तीन वेळा जमलं तरी माणूस मोठा ठरतो. टॉमने हे नेहमीचं, घामाचं अपयश अठरा वर्षं पचवलं. पण लोक चौकशी करतात ती जॉनची. टॉमला याचं काय वाटत असेल, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे, आणि तो टॉमनेच लिहायला हवा.

ॲडम ग्रीनबर्गची गोष्ट मात्र सांगताना हात आखडतो. जुलै २००५ मध्ये शिकागो कब्जकडून तो पहिल्यांदा मारायला आला आणि कारकीर्दीतला पहिलाच चेंडू डोक्यात बसला. भोवळ, डोकेदुखी, नजरेचा त्रास, किती काळ छळत राहिला. नियमाने असा चेंडू अंगावर घेणाऱ्याची ती संधी धरतच नाहीत. बेस मात्र मिळतो. म्हणजे कागदावर हा शंभर टक्के वेळा बेसवर पोहोचलेला माणूस. २०१२ साली चाहत्यांनी मोहीम चालवली, तेव्हा मायामी मार्लिन्सनी त्याला एका दिवसाचा करार दिला. समोर आला तो आर. ए. डिकी, त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार ज्याने मिळवला तो. त्याचा नकलबॉल भल्याभल्यांना दिसत नसे. तीन चेंडू, बाद. सात वर्षं वाट पाहून ग्रीनबर्गने आपला शंभर टक्क्यांचा विक्रम पन्नासवर आणला, आणि मैदानातले सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पाहिलं तर बेसबॉलच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली एका ओळीची कारकीर्द मात्र यांतल्या कुणाचीच नाही. ती एडी गेडेलची, आणि ती खेळापेक्षा तमाशाकडे झुकते. सेंट लुई ब्राउन्सचा मालक होता बिल व्हेक. युद्धात एक पाय गमावलेला, लाकडी पायाने ऐटीत वावरणारा, आणि रिकामं स्टेडियम पाहिलं की डोक्यात काहीतरी शिजायला लागणारा माणूस. त्याचा संघ हरण्यात तरबेज होता, त्यामुळे लोकांना खेळ दाखवून बोलावण्यात अर्थ नव्हता. १९ ऑगस्ट १९५१ रोजी, लागोपाठच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, मैदानावर कागदाच्या लगद्याचा एक मोठा केक आणला गेला आणि त्यातून गेडेल बाहेर आला. उंची ३ फूट ७ इंच. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत संपली. दुसऱ्या सामन्याच्या पहिल्याच डावात तो बॅट घेऊन मारायला आला.

पाठीवर नंबर होता १/८. शर्ट होता संघाच्या एका अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचा. (हा मुलगा, बिल डेविट, पुढे सेंट लुई कार्डिनल्सचा मालक झाला, शर्ट उसना देण्याचं पुण्य फळतं ते असं.) अंपायर एड हर्ली रागावून आला. मॅनेजरने खिशातून रीतसर करार काढून दाखवला. व्हेकने सगळी कागदपत्रं बिनचूक केली होती आणि लीगच्या कचेरीत ती कुणी नीट पाहायच्या आत सामना उरकायचा बेत होता. हर्ली करार वाचून म्हणाला तेवढंच, खेळा.

समोर डेट्रॉइटचा पिचर बॉब केन. कॅचर बॉब स्विफ्ट गुडघ्यांवर बसला. केनला हसू आवरेना. त्या काळी बेसबॉलमध्ये चेंडू मारणाऱ्याच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून जावा लागे, आणि गेडेल वाकून उभा राहिला की हा पट्टा उरतो किती? चार चेंडू, चारही उंचावरून. गेडेल पहिल्या बेसकडे निघाला, वाटेत थांबून दोनदा लोकांना लवून नमस्कार केला. तिथे त्याच्या जागी पळायला जिम डेल्सिंग आला. ब्राउन्स तो सामना ६-२ असा हरले. त्यात काही नवं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी करार रद्द केला, खेळाची थट्टा म्हणून. व्हेकने उलट विचारलं की मग यँकीजच्या फिल रिझुटोचं काय, तो बुटका खेळाडू धरायचा की उंच बुटका? हे सगळं वाचताना हसू येतं आणि हसलो म्हणून जरा अवघडल्यासारखंही होतं. गेडेल रंगमंचावर कामं करून पोट भरत होता, त्याला त्या दिवसाचे पैसे ठरलेले होते, आणि बॅट फिरवलीस तर बघ, असा व्हेकचा दम होता. बिचाऱ्याला तेवढ्यातही एकदा बॅट फिरवून बघावीशी वाटत होती म्हणे. वाटणारच. हातात बॅट दिल्यावर कुणाला नाही वाटत?

गेडेल १९६१ साली वारला, तोही वाईट परिस्थितीत, मारहाण झालेल्या अंगाने. बेसबॉलच्या जगातून त्याच्या अंत्यविधीला एकच माणूस गेला. तो बॉब केन होता.

गेडेल ज्याच्या जागी मारायला आला, त्या फ्रँक सॉसिएची दखल कुणी घेत नाही. त्यालाही मेजर लीगचे १८ सामनेच मिळाले. त्यांत एका दिवशी त्याला परत बोलावून घेतलं, ते ३ फूट ७ इंचांच्या माणसाला जागा करून द्यायला.

आपल्याकडच्या कुणाची ओळ त्या ग्रंथात आहे का, असं वाचक विचारील. नाही. २००८ साली भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली आणि उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, अमेरिकेला गेले आणि तिथे पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारावर त्यांनी सही केली. दोघांनी स्पर्धेआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. त्यांच्यावर चित्रपट निघाला, पण धाकट्या लीगच्या वर कुणी गेलं नाही. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. सिनेमा आहे पण ओळ नाही. ग्रॅहमच्या शून्यांची किंमत अशा वेळी कळते. ती शून्यं मिळवायलाही आधी मैदानाची ती रेघ ओलांडावी लागते, आणि ती ओलांडलेली माणसं दीडशे वर्षांत वीस हजारांवर थोडीच असतील.

राहिला वॉल्टर ऑल्स्टन. हा माझा सगळ्यात लाडका. सप्टेंबर १९३६, हंगामाचा शेवटचा दिवस, संघ सेंट लुई कार्डिनल्स. पहिल्या बेसवरच्या जॉनी माइझला अंपायरने मैदानाबाहेर काढलं म्हणून याला उतरवलं. क्षेत्ररक्षणात दोन चेंडू आले, एक सुटला. मारायला एकदाच आला आणि बाद झाला. खेळाडू म्हणून खेळ खलास. पुढे हिवाळ्यात ओहायोतल्या शाळेत शिकवायचं आणि उन्हाळ्यात धाकट्या लीगमधले संघ सांभाळायचे, असं बरीच वर्षं चाललं. १९५४च्या हंगामासाठी ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला मॅनेजर नेमलं. करार एका वर्षाचा. पुढच्या वर्षी त्याने ब्रुकलिनला त्यांची पहिली आणि एकमेव वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. करार पुन्हा एका वर्षाचा. संघ लॉस एंजेलिसला गेला, आणखी तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. करार एका वर्षाचाच. असे २३ करार झाले, आणि एकदाही त्याने दोन वर्षांचा द्या म्हणून तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ज्याची अख्खी कारकीर्द एका दुपारची, त्याला एक वर्ष म्हणजे केवढी ऐसपैस मुदत वाटत असेल!

१९७६ साली, हंगामाचे चार सामने उरलेले असताना, ऑल्स्टनने जागा सोडली आणि तिथे टॉमी लसोर्डा आला. लसोर्डा डॉजर्सचाच जुना पिचर. १९५५ साली पहिल्यांदा त्याला सामना सुरू करायला दिला तेव्हा एकाच डावात त्याने तीन चेंडू कॅचरच्याही हाती लागणार नाहीत असे भलतीकडे फेकले होते. थोड्याच दिवसांत त्याला धाकट्या लीगमध्ये पाठवलं, कारण सँडी कोफॅक्स नावाच्या नव्या पोरासाठी जागा करायची होती. कोफॅक्स पुढे त्या पिढीचा सर्वश्रेष्ठ डावखुरा पिचर झाला, तेव्हा आपल्याला काढायला त्याच्याइतका माणूस लागला हे लसोर्डा जन्मभर फुशारकीने सांगत असे. त्याची मेजर लीगमधली एकूण कमाई २६ सामने, पराभव चार, विजय एकही नाही. डॉजर्सनी त्यालाही वीस वर्षं ठेवून घेतलं.